एक्याऐंशी फरशा आणि एक जागा

माझं नाव पान्सोक. अर्थ सपाट दगड. माझा बाप लोकांच्या घरात जमिनीखाली धुराच्या वाटा बांधायचा आणि वर सपाट दगड बसवायचा. स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर त्या दगडांखालून फिरून मागच्या धुराड्यातून बाहेर पडायचा आणि खोली तापायची. मी जन्मलो तेव्हा त्याच्या हातात जे होतं तेच नाव त्यानं मला देऊन टाकलं, असं आई सांगायची. नशीब, त्या वेळी तो चिखल कालवत नव्हता.

मीही तेच काम केलं. पुढे दगड गेले, गरम पाण्याचे पाइप आले, तर मी पाइप घातले. सदुसष्टाव्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला, आणि त्याच वर्षी धाकट्या भावाची मुलगी दाओन सुवॉनमधली चांगली नोकरी सोडून आमच्या नूरुपगोल गावात, माझ्या गोदामात, टेबल मांडून बसली.

"काका, आता पाइपही जाणार," ती म्हणाली.

"मग मी पण जातो," मी म्हणालो.

"तुम्ही नका जाऊ. तुम्हाला जमीन कळते. मला फक्त वीज कळते."

कुणी असं गोड बोललं की मी विरघळतो. हा माझा जुना दोष आहे.

तिची फरशी फूटभर लांब, फूटभर रुंद आणि अंगठ्याएवढी जाड. आत काळा पातळ पडदा, तो विजेनं तापतो. त्याखाली ऊब खाली जाऊ नये म्हणून बुचासारखा थर, आणि वर तेल पाजलेल्या पिवळ्या कागदासारखा मऊ पृष्ठभाग, कारण म्हाताऱ्या पायांना गुळगुळीत चिनीमाती आवडत नाही. चारही कडांना खाचा. एक फरशी दुसरीला लावली की टक्क आवाज होतो आणि वीज पुढे जाते. एखादी बिघडली तर तेवढीच उचकटायची, खोली फोडायची नाही. भिंतीसाठी तशाच पण पातळ फरशा. हे सगळं मला आवडलं होतं, पण तिला तोंडावर सांगितलं नाही. पोरं शेफारतात.

तिचा खरा जीव मात्र एकाच गोष्टीत होता. सगळीकडे सारखी ऊब. आमच्या जुन्या खोल्यांत चुलीकडची बाजू तळवे भाजायची आणि दाराकडच्या बाजूला पाण्याचा तांब्या गोठायचा. चाळीस वर्षं मी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, "पान्सोक, इकडे भाजतं, तिकडे कुडकुडतं, हे काय काम केलंस?" आणि ही पोरगी प्रत्येक फरशीत स्वतःचा छोटा तापमापक घालून, दोन वर्षं डोकेफोड करून, खोली या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अर्ध्या अंशाच्याही फरकाशिवाय तापवायला शिकली. उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातून तिनं मला नमुन्याची खोली दाखवली. सगळी एका रंगाची, नारिंगी. मला अभिमान वाटला आणि थोडा मत्सरही वाटला. माझ्या बापाला ती खोली दाखवायला हवी होती.

आता ओक्नाम आजीकडे येतो.

ओक्नाम आजी गावातली सगळ्यात थोरली. अठ्ठ्याऐंशीची, एकटी राहते, चूल पेटवून झोपते. ऑक्टोबरात लाकडं आणताना ती अंगणात घसरली आणि मनगट मोडलं. तिचा मुलगा छांगसू सोलहून धावत आला. छांगसू माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, लहानपणी आम्ही एकत्र बेडूक पकडले आहेत. त्यानं आईला तिथल्या तिथे सांगितलं, "बस झालं. हिवाळा माझ्याकडे. सतराव्या मजल्यावर लाकडं लागत नाहीत."

"सतराव्या मजल्यावर माती पण नाही," आजी म्हणाली. "लोणच्याची मडकी कुठे पुरू? लिफ्टमध्ये?"

खूप तणतण झाली. शेवटी ठरलं ते असं: डिसेंबरच्या पहिल्या रविवारी छांगसू गाडी घेऊन येणार. तोपर्यंत लाकडाशिवाय खोली तापली आणि आई नीट झोपते आहे अशी त्याची खात्री पटली, तर ती राहील. नाही पटली तर गाडीत बसेल. आजीनं कबूल केलं, पण कबूल करताना ती माझ्याकडे असं बघत होती, जसा बुडणारा माणूस ओंडक्याकडे बघतो. मी दाओनकडे बघितलं.

तीन दिवसांत आम्ही जुन्या जमिनीवरच तिच्या फरशा बसवल्या. नऊ नव्वे एक्याऐंशी खाली, अठरा उत्तरेच्या भिंतीला. मी गुडघ्यांखाली उशी घेऊन बसवत होतो आणि आजी हात गळ्यात बांधून देखरेख करत होती.

"पान्सोक, ती वाकडी बसली."

"नाही बसली."

"तुझा बाप पण असंच म्हणायचा, आणि वाकडीच असायची."

पहिल्या दिवशी एक गंमत झाली. आजीला हात मोडलेला असताना बटणं दाबायला नकोत म्हणून दाओननं बोललेलं ऐकणारं एक तयार यंत्र बाजारातून आणून भिंतीला लावलं होतं. थंड म्हटलं की ऊब वाढवायची, गरम म्हटलं की कमी करायची. आजी फरशीवर आडवी झाली, कंबर टेकवली, आणि आमच्याकडची सगळी म्हातारी माणसं उकळत्या रश्श्याचा पहिला घोट घेतल्यावर म्हणतात तेच म्हणाली, "आहाहा! काय गार वाटलं गं!" यंत्रानं ऐकलं, गार. दोन अंश वाढवले. आजीच्या पाठीला आणखी बरं वाटलं. "अगं बाई, किती गार! जीव गार झाला!" आणखी दोन अंश. मी अंगणातून परत आलो तर आजी टोमॅटोसारखी लाल होऊन गार गार म्हणत पडलेली आणि खिडकीतला मुळा वाळून सुतळी झालेला. मी हसून हसून दाराला धरून बसलो. दाओननं ते यंत्र उपटून काढलं आणि जुन्या रेडिओला असायचं तसं मोठं गोल बटण बसवलं.

त्यानंतर सगळं सुरळीत चालू झालं असं आम्हाला वाटलं. आजीला विचारलं की म्हणायची, "छान आहे. फार छान आहे." दोनदा छान म्हणाली तेव्हाच मला शंका यायला हवी होती. ही बाई साखरेलासुद्धा कधी छान म्हणालेली नाही. वर तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं होतं आणि दुपारी ती गावाच्या वृद्ध मंडळाच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून घोरत होती.

छांगसू दर बुधवारी दाओनला फोन करायचा. दाओन खोटं बोलत नाही, हा तिचा दोष. फरशांची सगळी नोंद तिच्याकडे यायची. जिथे माणूस गादी टाकून झोपतो तिथली ऊब अडकते आणि तिथली फरशी कमी वीज खाते, त्यामुळे आजी कुठे झोपली ते तिला बसल्या जागी कळायचं. त्या बुधवारी ती सहज बोलून गेली, "ऊब उत्तम आहे काका, फक्त आजी एका रात्रीत चार ठिकाणी गादी हलवतात. रोजच. कपाटापाशी, मग दारापाशी, मग भिंतीला, मग परत."

पलीकडून छांगसू म्हणाला, "बाबांचंही असंच सुरू झालं होतं. रात्री उठून घरभर. पुढे त्यांना मी ओळखू येईनासा झालो." आणि म्हणाला, "रविवारी येतो. तिचं सामान बांधून ठेवा."

दाओननं फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. "काका, मी काय केलं?"

मी तिला ओरडणार होतो. पण काय ओरडणार? ती खरं बोलली होती. आणि खरं सांगायचं तर मलाही छांगसूसारखंच वाटलं होतं, कारण छांगसूच्या वडिलांना त्या दिवसांत मी दोनदा नदीकाठून हाताला धरून घरी आणलं होतं.

आम्ही तसेच आजीकडे गेलो. ती सोयाबीन उकडून, कुटून, रश्श्याच्या मसाल्यासाठी आंबवायच्या विटा वळत बसली होती, एका हातानं.

"आजी," दाओन म्हणाली, "रात्री कुठे फिरता?"

"फिरते कुठे? शोधते."

"काय शोधता?"

"आरेन्मोक." आजीनं वीट खाली आपटली. "कुठे ठेवलात तुम्ही दोघांनी माझं आरेन्मोक?"

मी कपाळावर हात मारला. चांगला जोरात मारला. दाओन माझ्याकडे बघत राहिली. शब्द तिला माहीत होता, आमच्यात कुणाला माहीत नाही? चुलीच्या बाजूची, खोलीतली सगळ्यात गरम जागा. पण ती इमारतीत वाढलेली. तिच्यासाठी तो आजोबांच्या बोलण्यातला एक शब्द होता, अंगाला ठाऊक असलेली जागा नव्हती.

"झोपेत अंग आपोआप तिकडे सरकतं," आजी सांगायला लागली, आणि एकदा लागली की ती थांबत नाही. "आधी माझी सासू तिथे झोपायची, मी दारात. मग सासू गेली, नवरा तिथे, मी मधे. मग नवरा गेला, मी तिथे. एकोणीस वर्षं. आता अंग सरकतं, तर जागाच नाही. कपाटापाशी जाते, तिथेही तेवढंच. दारापाशी जाते, तिथेही तेवढंच. वाटतं, मी कुणाच्या घरात झोपले आहे?"

"आधी का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? पोरीनं दोन वर्षं खपून केलं, त्यात खोट काढू? आणि खोट काढली तर तो गाडी घेऊन येतो." तिनं हात पुसले. "झोपेचं सोड. परवा मालसून आली. मी म्हटलं, ये, आत ये, गारठ्यात बसू नकोस. ती म्हणते, ओक्नाम, सगळीकडे सारखंच तर आहे. आणि बसली दारात. दारात! विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसासारखी. सत्तर वर्षांपासूनची मैत्रीण. आजवर ती आली की मी उठायचे, माझ्या गरम जागेवर तिला बसवायचे, ती नको नको म्हणायची, मी ओढायचे, मग ती बसायची. आता मी तिला काय देऊ? चहा? चहा काय, कुणीही देतं."

दाओन खाली बसली. बराच वेळ तिनं तळहात फरशीवर ठेवला होता.

"काका," ती म्हणाली, "दोन वर्षं मी तो कोपरा मारत होते."

"मी पण मदत केली," मी म्हणालो. खरं तर माझाच गुन्हा मोठा होता. चाळीस वर्षं लोक इकडे भाजतं म्हणून तक्रार करायचे, आणि पाहुणा आला की त्याला तिथेच ओढून बसवायचे. ती ओढाओढ मी हजार वेळा पाहिली होती, मला स्वतःला कितीदा तरी तसं ओढून बसवलं होतं. मी फक्त तक्रार ऐकली.

शुक्रवारी दाओन लॅपटॉप घेऊन आली. प्रत्येक फरशीला वेगळी ऊब ठरवून देता येत होती, आजवर तिनं ते सगळ्यांना एका पातळीवर धरून ठेवायला वापरलं होतं. आता उलटं करायचं होतं. तिनं पडद्यावर छानपैकी एक उतार काढला, चुलीकडून दाराकडे, फूटपट्टीनं आखल्यासारखा.

"हे काय?" आजी म्हणाली. "हा घसरगुंडीचा खेळ आहे. आरेन्मोक असं सरळ नसतं. काढ ते."

मग खरं काम सुरू झालं. आजी गुडघ्यांवर बसून तळहात टेकवत पुढे सरकत होती, मागून दाओन, मागून मी.

"इथे वाढव. अजून. बस. ही शेजारची थोडी कमी. ही कोपऱ्यातली वाढवू नकोस, तिथे सोयाबीनच्या विटा ठेवते मी, जास्त झालं तर आंबट होतात. इथे वाढव, इथे त्यांची कंबर यायची."

"चाळीसच्या वर नाही, आजी. झोपेत कातडी भाजते."

"माझी कातडी अठ्ठ्याऐंशी वर्षं भाजते आहे."

"तरी नाही."

"पान्सोक, ही तुझ्यावर गेली आहे."

"माझ्यावर असती तर कधीच हो म्हणाली असती."

चाळीसवर तडजोड झाली. दाराकडची रांग चोवीसवर आणली तेव्हा दाओनचे दात शिवशिवले असावेत, तसं तोंड केलं होतं तिनं. काम संपल्यावर तिनं कॅमेरा लावला. पडद्यावर चुलीकडच्या भिंतीपाशी लाल, वेडावाकडा, बशीतून सांडल्यासारखा एक डाग आणि बाकी खोली फिकट होत गेलेली. दोन वर्षांपूर्वी हे चित्र दिसलं असतं तर तिनं फरशी खिडकीबाहेर फेकली असती. आता बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पुन्हा असंच करायला सांगितलं तर मला जमणार नाही. त्यांच्या हातालाच कळतं." मग तिनं त्या डागाची नोंद जपून ठेवली आणि तिला आजीचं नाव दिलं.

शनिवारी सकाळी तिनं रात्रीची नोंद उघडली. आजी एकदाच झोपली होती आणि एकाच जागी. दाओननं ती नोंद छांगसूला पाठवली. त्याचं उत्तर आलं: "एका रात्रीवरून काय कळतं? येतोच आहे."

रविवारी तो आला. जाड कोट, हातात रिकाम्या दोन मोठ्या बॅगा, आणि वाटेत पाठ केलेलं बोलणं चेहऱ्यावर दिसत होतं. मी आणि दाओन दारापाशी, थंड बाजूला, शिक्षेला बसवल्यासारखे बसलो होतो.

"आई, ऐक," तो उंबऱ्यातूनच सुरू झाला.

"आधी आत ये."

"इथे ठीक आहे मी. हे बघ, डॉक्टरांशी मी..."

"आत ये म्हणते ना! तिकडे बस."

"तू बस गं तिथे. तुझी जागा आहे."

"माझी काय जागा! तू गाडी चालवून आलास. ऊठ!" तो बसला नव्हताच, पण तिनं ऊठ म्हणून चांगल्या हातानं त्याची बाही धरली आणि ओढायला लागली. तो नको नको म्हणत होता, ती ओढत होती, एक बॅग पायात आली आणि सहासष्ट वर्षांचा तो गृहस्थ सरळ आरेन्मोकवर जाऊन आपटला. आजीनं वरून रजई टाकली. झालं.

रजईखाली त्याचे हात जमिनीवर फिरत होते. इकडे फिरले, तिकडे फिरले, कंबरेच्या मागे गेले.

"हे..." तो म्हणाला. "बाबा इथेच..."

"मग कुठे?" आजी म्हणाली.

डॉक्टरांचं पुढे काही आलं नाही. आजीनं बटाट्याचे गरम घावन आणले, त्यानं सहा खाल्ले. मालसून डोकावली, तो आरेन्मोकवर बसलेला बघून "अरे वा, राजे!" म्हणून टोमणा मारून गेली. मग तो थोडा टेकतो म्हणाला, आणि टेकला तो असा घोरायला लागला की भिंतीवरच्या अठरा फरशा थरथरत असतील. आजी चोवीस अंशावर, दारात, लसूण सोलत बसली. मी तिला म्हटलं, इतक्या थंडीत कशाला बसतेस, दाओन इथल्याही दोन फरशा वाढवून देईल.

"हात लावाल तर याद राखा," ती कुजबुजली. "दोन्हीकडे गरम झालं तर मी त्याला काय दिलं?"

तो उठला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. केस उभे, गालावर रजईची शिवण उमटलेली. तो आपल्या आईकडे बघत होता. ती दारात, स्वेटरच्या बाह्या ओढून, लसणाच्या सालांमध्ये बसलेली.

"आई, तू तिथे काय करतेस? कुडकुडतेस की. ये, इकडे बस."

"तू आहेस तोपर्यंत कशी बसू? तू गेलास की बसते."

छांगसूनं एकदा कोपऱ्यातल्या दोन बॅगांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मग तो उठला, रजई व्यवस्थित घडी घालून परत त्याच जागेवर पसरली, म्हणजे ऊब जाऊ नये, आणि बूट घालायला उंबऱ्यात बसला.

"मग निघतो," तो म्हणाला.

बॅगा त्यानं नेल्या, पण एकीत बटाटे आणि दुसरीत आजीनं कोंबलेले मुळे होते. दाओनला म्हणाला, पुढच्या रविवारी येईन तेव्हा मला ते बटण कसं फिरवायचं ते दाखव. मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो. त्याचा आवाज नीट नव्हता, म्हणून मी गुडघ्यांबद्दल बोललो.

गाडी वळणापर्यंत पोचायच्या आत मी मागे वळून पाहिलं, तर आजी फाटकात नव्हती. ती आत जाऊन बसलीसुद्धा होती.